रविवारी फक्त येऊन बसा

"मला काढणार आहेत," टॉवेलखालून आवाज आला.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर पातेले, पातेल्यातून वाफ, वाफेवर आमच्या हिचे डोके आणि डोक्यावर टॉवेल. माणूस दिसतच नव्हते. टॉवेलच बोलत होता. मी समोर बसून वाटाणे सोलत होतो.

"कुठून काढणार?" मी विचारले.

"टीममधून. दुसरं कुठून? घरातून काढायला तुमची हिंमत आहे का?"

"वाफ घेताना बोलू नका म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर गात नाहीत."

मी वाटाणे सोलत राहिलो.

आमच्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत पुढे उभे राहून गाणारी आणि वाजवणारी जी मंडळी आहेत, त्यांना सगळे नुसते 'टीम' म्हणतात. पगार कुणालाच नाही. आठवडाभर आपापले पोटापाण्याचे उद्योग करायचे, शनिवारी संध्याकाळी सराव करायचा आणि रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन सगळ्यांच्या नंतर जायचे. त्या टीममध्ये आमची ही वयाने सगळ्यांत मोठी. सगळे तिला मावशी म्हणतात. टीमचा पुढारी गिटार वाजवतो. तो बँकेत नोकरीला आहे. त्याचाच थोड्या वेळापूर्वी फोन आला होता. "मावशी, या शनिवारी सराव नाही," तो म्हणाला, "आणि रविवारी तुम्ही फक्त येऊन बसा."

तिने "बरं" म्हणून फोन ठेवला आणि लगेच पाणी उकळायला ठेवले. तिला काही लागले की ती गळ्याची काळजी घेते. काळजाचे दुखणे ती गळ्यावर काढते, असे मी म्हणतो आणि बोलणी खातो.

"'फक्त' म्हणाला तो," टॉवेल बाजूला करून ती म्हणाली. तोंड लालबुंद झाले होते, केस कपाळाला चिकटले होते. "फक्त येऊन बसा. इतकी वर्षं मी काय फक्त उभी राहत होते?"

"नर्सला फोन करून विचार ना. तिलाही तेच सांगितलं असेल."

"मी का विचारू? मला सांगितलंय ते मला कळलंय."

नर्स म्हणजे टीममध्ये हिच्या शेजारी उभी राहून गाणारी. उंच, हसरी, दोन मुलांची आई. दवाखान्यातली ड्यूटी सांभाळून येते. आता खरी गोष्ट सांगायची तर तिच्यापासूनच सांगितली पाहिजे, कारण हिच्या मनात जे काटे टोचत होते त्यातला पहिला तिथे होता.

आमच्याकडे एक गाणे आहे, त्याला टीममध्ये जिन्याचे गाणे म्हणतात. ओळीगणिक सूर एकेक पायरी चढतो आणि शेवटच्या ओळीत गच्चीवर पोचतो. ती गच्चीची ओळ कायम आमच्या हिची. मागच्या महिन्यात एका रविवारी ती गच्चीवर पोचली आणि आवाज चिरकला. अगदी कापड फाटल्यासारखा. ती थांबली. शेजारून नर्सने तो सूर उचलला आणि गाणे पुरे केले. कुणी कुणाकडे पाहिले नाही. पुढच्या वेळी तेच गाणे आले तेव्हा गिटारवाल्याने ते खालच्या पट्टीत धरले. मला काही कळले नाही. मला काय, रंगाच्या दोन छटा ओळखता येतात, सुराच्या नाही. पण हिला पहिल्याच झंकाराला कळले. घरी येताना म्हणाली, "म्हातारीला चढवत नाही म्हणून तळमजला दिलाय."

त्यानंतर हा फोन.

मी रंगारी. आयुष्यभर लोकांच्या भिंती रंगवल्या. ही दवाखान्याच्या धुलाईखान्यात होती. मोठमोठी यंत्रे, त्यांचा सततचा घरघराट, वाफ आणि ओल्या चादरींचे ढीग. तिथे एकमेकींशी बोलायचे तर ओरडावे लागे. म्हणून ही बोलतच नसे, गात असे. आवाज कुणालाच ऐकू जायचा नाही. चादरीची दोन टोके दोघींनी धरायची आणि एकदमच घडी मारायची असे ते काम. समोरची बाई हिच्या ओठांकडे बघून घडी मारायची. तिने मला एकदा सांगितले होते, "तुमच्या बायकोचं गाणं मी कधी ऐकलं नाही, पण कधी चुकलेही नाही."

टीममध्ये ती कशी गेली ती गंमतच आहे. आमचे नवीन लग्न झाले होते. तेव्हा टीम नव्हती, एक ऑर्गन होता आणि तो वाजवणारे एक म्हातारे मास्तर होते. आम्ही दोघे शेवटच्या बाकावर बसायचो. माझ्या हातांना टर्पेंटाइनचा वास यायचा म्हणून मी पुढे जायला लाजायचो. एका रविवारी गाणे चालू असताना मास्तरांनी मध्येच हात थांबवले, मागे वळले आणि विचारले, "मागे कोण गातंय?"

ही घाबरली. मला वाटले, आता हिला ओरडा बसणार. मी छाती काढून उभा राहिलो आणि म्हणालो, "मी."

सगळे चर्च हसले. आवाज बाईचा होता, हे मला त्या वेळी सुचलेच नाही.

मास्तरसुद्धा हसले. म्हणाले, "तुमच्या गळ्यात जी बाई आहे, तिला पुढे पाठवा."

ती पुढे गेली ती गेलीच. मी शेवटच्या बाकावरच राहिलो. त्या वेळी मी अक्षर ओळखत नव्हतो. पुस्तक हातात धरायचो, ते इतरांनी धरले म्हणून. पुढे तिनेच मला वाचायला शिकवले, तेही गाण्यांवरूनच. शब्द पाठ होते, फक्त त्यांची तोंडे माहीत नव्हती.

तेव्हापासून मी टीमला मागून पाहत आलो आहे. इतरांनी न पाहिलेल्या पुष्कळ गोष्टी मी पाहिल्या आहेत, कारण बायकोला घरी घेऊन जायचे म्हणून शेवटपर्यंत थांबणारा मी एकटाच. लोक प्रार्थना संपली की निघतात. त्यांच्या घरी जेवण वाट पाहत असते. इकडे वायरमन गुडघ्यांवर बसून तारा गुंडाळत असतो. गुंता होऊ नये म्हणून प्रत्येक तारेची वेगळी वेटोळी करतो आणि प्रत्येकीला वेगळ्या रंगाच्या चिंधीने बांधतो. तो आवाजाचे यंत्र सांभाळतो. त्याची जागा मागे, खांबाआड. आवाज नीट असला की मागे वळून कुणी बघत नाही. शिट्टी वाजली की मात्र सगळी मंडळी एकदम वळून त्याच्याकडे बघते. म्हणजे इतक्या वर्षांत त्या बिचाऱ्याने लोकांची फक्त रागावलेली तोंडे पाहिली.

ड्रम वाजवणारा प्लंबर आहे. त्याला सगळे नळवाला म्हणतात. कुणाच्या घरी रविवारी नळ फुटला की त्याचा फोन वाजतो, आणि फुटणारे नळ बहुधा रविवारीच फुटतात. पण उपासना संपल्याशिवाय तो उठत नाही. "पाणी वाहायला लागलंय, ते काय पळून जाणार आहे?" असे म्हणतो. हे वाक्य नीट तपासले तर त्यात काही तथ्य नाही, पण तो म्हणतो तेव्हा पटते.

आणि आमची ही. रविवारचे तर झालेच, पण कुणी गेले की पहिला निरोप हिला. कबरस्तानात ना ऑर्गन, ना गिटार, ना माइक. वारा असतो, चिखल असतो आणि रडणारी माणसे असतात. तिथे गाणे सुरू कोण करणार? ज्यांचे माणूस गेले त्यांच्या तोंडून शब्द निघत नाही आणि बाकीच्यांना धीर होत नाही. ही खड्ड्याच्या कडेला उभी राहून सुरू करते. गेलेल्या माणसाची ओळख असायलाच हवी असे नाही. परत आली की दारातच बसून चपलांचा चिखल काडीने काढते आणि मग आत येते. त्या दिवशी तिच्याशी फार बोलायचे नसते, एवढे मला कळते.

तर अशा बाईला कुणी 'फक्त येऊन बसा' म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी माझी मेहुणी आली. ही हिची धाकटी बहीण. चर्चच्या कमिटीवर आहे आणि तिच्या पोटात काही राहत नाही. ताई अंगणात कपडे वाळत घालते आहे हे पाहून तिने मला दारातच धरले.

"भाऊजी, ताईला काही बोलायचं नाही हं. गुपित आहे."

"मग मला का सांगतेस?"

"कुणाला तरी सांगायला नको का? ऐका. रविवारी टीमचे आभार मानायचेत. टीमनं पुढच्या खुर्च्यांवर बसायचं, आणि मंडळी त्यांच्यासाठी गाणार. जिन्याचं गाणं! आम्ही चार दिवस सराव करतोय. मी शिकवतेय."

"तू?"

"का? ताईची बहीण नाही का मी?"

मेहुणी स्वभावाने सोन्यासारखी आहे, पण ती गायला लागली की आमची ही मायेने खोलीबाहेर जाते.

माझ्या मनावरचे ओझे मात्र उतरले. चला, काढत नाहीत, उलट मान देत आहेत. दोन दिवस मी गुपित सांभाळले. शनिवारी संध्याकाळी, सरावाच्या वेळेला, ती उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली. मग हात पुसत म्हणाली, "मी उद्या येत नाही. बसायला मला घर आहे."

आता मला राहवले नाही. "अगं वेडे, तुमचे आभार मानायचेत उद्या. म्हणून बसायला सांगितलंय. सगळ्या टीमला."

मला वाटले ती हसेल. ती खुर्चीवर बसली.

"आभार?"

"हो."

"झालं मग."

"काय झालं?"

"तुम्ही कार्यक्रमांना कधी गेला नाहीत का हो? आभार कधी मानतात? शेवटी. आभार म्हटलं की लोक पिशव्या उचलतात, खुर्च्या सरकवतात. धुलाईखान्यातून निवृत्त झाले तेव्हा मोठ्या साहेबांनी माझे आभार मानले. किती छान बोलले! मी रडले पण. आणि दुसऱ्या आठवड्यात माझा राहिलेला डबा आणायला गेले, तर फाटकावरचा पहारेकरी म्हणतो, बाई, पास दाखवा. रोज माझ्याशी बोलणारा माणूस!" ती थांबली. "ज्याचे आभार मानले, त्याला परत आत घेतलेलं तुम्ही कधी बघितलंय?"

मी आठवून पाहिले. खरेच बघितले नव्हते. जखमेवर फुंकर घालायला गेलो आणि मीठ चोळून बसलो.

तरी रविवारी सकाळी ती उठली. कपाटातून निळे कपडे काढले, स्वतः इस्त्री केली. कडक इस्त्री, धुलाईखान्याची. मी विचारले, "येतेस ना?"

"येते. तोंड लपवून बसली असं कुणी म्हणायला नको."

मी नेहमीसारखी खडीसाखर पुढे केली. तिने हात मागे घेतला. "आज गळ्याचं काय काम आहे?"

चर्चमध्ये पुढे टीमसाठी वेगळ्या खुर्च्या मांडल्या होत्या. नळवाला होता, वायरमन होता, नर्स होती, गिटारवाला होता. सगळे हात कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखे बसले होते. ही नर्सच्या आणि गिटारवाल्याच्या मध्ये बसली. ताठ. मी या वेळी शेवटचा बाक सोडून पुढे, त्यांच्या बाजूला तिरका बसलो. मला तिचे तोंड दिसायला हवे होते.

पाळकसाहेब म्हणाले, "जे आपल्याला दर रविवारी गायला लावतात, ते आज बसतील. आज आपण त्यांच्यासाठी गाऊ." एवढेच. त्यांचे बोलणे कधी लांबत नाही, हा त्यांचा मोठा गुण.

मेहुणी पुढे आली, मंडळीकडे तोंड करून उभी राहिली, हात वर केला आणि गाणे सुरू केले. फार वरून. जिन्याचे गाणे दुसऱ्या मजल्यावरूनच सुरू झाले. मलासुद्धा कळले म्हणजे बघा. पहिल्या ओळीला सगळे उत्साहात होते. दुसऱ्या ओळीला पुरुषांनी माना ताणल्या. तिसऱ्या ओळीपर्यंत जिन्यात चेंगराचेंगरी झाली. काही लोक खाली उतरले, काही मध्येच अडकले, एक आजोबा आपल्याच कुठल्या तरी जिन्याने निघाले. नळवाल्याने मान खाली घातली होती आणि त्याचे खांदे हलत होते.

ही हसत नव्हती. तिचा उजवा हात मांडीवरून थोडा वर उठला. तो तिने डाव्या हाताने धरला आणि खाली दाबून ठेवला. ती गायली नाही. ऐकत राहिली. इतकी वर्षे ती या माणसांच्या समोर उभी राहून गायली होती. ही माणसे तिच्यासाठी गात आहेत हे ती पहिल्यांदाच ऐकत होती.

पहिले कडवे कसेबसे संपले. आणि मग एक चमत्कारिक गोष्ट झाली. दुसरे कडवे सुरूच होईना. शब्द पडद्यावर होते, मेहुणीचा हात वर होता, पण सगळे थांबलेले. मेहुणी मंडळीकडे बघतेय, मंडळी मेहुणीकडे. मग कोपऱ्यातून एकाने सुरुवात केली, दुसरीकडून दोघांनी, आणि बाकीचे मागून धावत येऊन चढले. असेच प्रत्येक कडव्याला. गाणे संपले तेव्हा सगळ्यांना घाम आला होता.

त्यानंतर ज्याला बोलायचे त्याने उठून बोलावे असे ठरले होते. पहिली उठली ती एक म्हातारी बाई, कानात यंत्र घालणारी. ती वायरमनकडे बोट करून म्हणाली, "बाळा, तुझ्यामुळे मला शब्द न् शब्द कळतो. मी कधी मागं वळून बघितलं नाही. ऊठ, तोंड बघू दे तुझं."

वायरमन उठला. सगळी मंडळी त्याच्याकडे बघायला लागली आणि या वेळी कुणाच्याही कपाळावर आठी नव्हती. तो पुन्हा पटकन खाली बसला, पण कान लाल झाले ते बराच वेळ लालच होते.

नळवाल्याबद्दल दोघे-तिघे बोलले. त्यात एकाने त्याच्या ड्रमबद्दल बोलता बोलता आपल्या गळक्या टाकीची आठवण करून दिली. मग कोपऱ्यावरचा किराणावाला उठला. जाडजूड, अबोल माणूस. दुकानात तो गिऱ्हाइकाशीसुद्धा मोजके बोलतो. तो हिच्याकडे न बघता, समोरच्या बाकाची पाठ धरून बोलायला लागला.

"आईला पुरलं त्या दिवसाचं सांगतो. मी थोरला. सगळे म्हणत होते, तू सुरू कर, तुझ्या आईचं आवडतं गाणं आहे. मला जमेना. छातीत दगड बसल्यासारखं झालं होतं. श्वासच आत जाईना. मावशी माझ्या शेजारी होत्या. त्यांनी गाणं सुरू करायच्या आधी श्वास घेतला. मोठा. तो मला ऐकू आला. तो ऐकला आणि मी पण घेतला." तो थांबला. "आत्ता आपण सगळे कडव्याच्या आधी अडकत होतो ना? मी तेव्हाच ओळखलं कशामुळे. आपण मावशींच्या श्वासाची वाट बघत होतो. दर रविवारी त्या घेतात, मग आपण घेतो. मला आभार वगैरे मानता येत नाहीत. एवढंच सांगायचं होतं."

तो बसला. मी हिच्याकडे पाहिले. ती आपल्या हातांकडे बघत होती.

पाळकसाहेब म्हणाले, "मावशी, दोन शब्द बोला."

ती उभी राहिली. कपड्यांवरून हात फिरवला.

"आभार झाले ना सगळे?" तिने विचारले.

"झाले," पाळकसाहेब म्हणाले.

"मग आता पुढचं सांगा. शनिवारी मी यायचं का नाही?"

लोक हसले. त्यांना वाटले, मावशींनी विनोद केला. गिटारवाला हसला नाही. तो उठून उभा राहिला.

"येऊ नका असं कोण म्हणालं तुम्हाला?"

"तू. फक्त येऊन बसा म्हणालास."

"अहो मावशी, ते सगळ्यांनाच सांगितलं! गुपित होतं ना!"

"मला तर म्हणाला, फक्त येऊन बस आणि फोन घरी ठेव," नळवाला बसल्या जागेवरून म्हणाला. पुन्हा हशा झाला.

"ते कळलं," ही म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "मग जिन्याचं गाणं खाली का आणलंस?"

आता हशा थांबला. गिटारवाल्याने मान खाली घातली. बँकेत दिवसभर लोकांशी गोड बोलणारा माणूस, पण त्याला गोड काही सुचेना.

"तुमच्यासाठी," तो म्हणाला.

"माझा वरचा सूर गेलाय."

'नाही हो मावशी' असे म्हणणे किती सोपे होते. मी त्याच्या जागी असतो तर तेच म्हटले असते. घरी मी महिनाभर तेच म्हणत होतो.

"हो मावशी," तो म्हणाला. "गेलाय."

मी माझा बाक घट्ट धरला. तिचे तोंड मला दिसत होते. ते पडले नाही. उलट खांदे जरा सैल झाले, कुणीतरी हातातली जड पिशवी घेतल्यावर होतात तसे.

"मग हे आधी सांगायचं. मागून पायऱ्या कमी नाही करायच्या," ती म्हणाली. "गाणं परत वर ने. मंडळीला वरचीच सवय आहे. ऐकलंस ना आत्ता, कुठून सुरू केलं यांनी?"

मेहुणीने दोन्ही हातांनी तोंड झाकले. सगळे चर्च खदखदा हसले, अगदी पाळकसाहेबसुद्धा.

हशा ओसरल्यावर गिटारवाल्याने हळूच विचारले, "वरची ओळ कोण गाईल?"

हिने हनुवटीने शेजारी बसलेल्या नर्सकडे खूण केली. "ही. मागच्या महिन्यात गायलीच ना? मी खालचा सूर धरीन. पण मला बोलावत जा म्हणजे झालं."

"शनिवारी," तो म्हणाला. "नेहमीच्या वेळेला. आणि उशीर करू नका."

"उशीर तू करतोस," ती म्हणाली आणि खाली बसली.

घरी येताना ती माझ्यापुढे दोन पावले भराभर चालत होती. मग म्हणाली, "किती बेसूर गायले हो सगळे."

"फार."

"तुम्ही सगळ्यांत जास्त."

"मी तर हळू गात होतो."

"मला ऐकू येत होतं."

कोपऱ्यावर ती थांबली आणि वाकून चपलेचा पट्टा नीट करायला लागली. पट्टा नीटच होता. मी दुसरीकडे, एका घराच्या भिंतीकडे बघत उभा राहिलो. रंग चांगला लावला होता.

शनिवारी मी तिच्याबरोबर गेलो. एरवी सरावाला मी जात नाही, पण त्या दिवशी म्हटले, जावे. चर्च रिकामे होते, खिडक्या उघड्या होत्या. वायरमन तारा सोडत होता. नळवाला ड्रमवर बोटांनीच टकटक करत होता.

ही आपल्या जागेवर गेली. मधली जागा. तिथला माइकचा दांडा तिच्या उंचीचा, कधीपासून कुणास ठाऊक. ती तिथे उभी राहिली नाही. तिने नर्सला हाताला धरून तिथे उभे केले. नर्स उंच, माइक तिच्या गळ्याशी येत होता.

"मावशी, राहू द्या ना," नर्स म्हणाली. "मी वाकून गाईन."

"वाकून? वाकून वरचा सूर लागतो का कधी?"

दांड्याच्या आत दुसरा दांडा होता; तो वरखाली करायचा स्क्रू ती पिळायला लागली. तो हलेना. वर्षानुवर्षे कुणी हात लावला नव्हता, घट्ट बसला होता. वायरमन पक्कड घेऊन धावत आला.

"द्या इकडे, मावशी."

"नको. थांब."

तिने रुमाल काढला, स्क्रूभोवती गुंडाळला, दोन्ही हातांनी धरला आणि ओठ मिटून जोर लावला. धुलाईखान्यातले हात ते. स्क्रू कुरकुरला आणि फिरला. तिने आतला दांडा वर ओढला, आणखी थोडा, आणखी थोडा, नर्सच्या ओठांपर्यंत. मग स्क्रू पुन्हा आवळला.

बाहेरचा दांडा काळपट पडला होता, ठिकठिकाणी रंग उडाला होता. पण जेवढा भाग आता आतून वर आला होता, तेवढा चकचकीत होता. नवाकोरा. त्याला हवा लागली नव्हती.

तिने त्या चकचकीत भागावरून एकदा रुमाल फिरवला, रुमालाची घडी घातली आणि एक पाऊल बाजूला सरून उभी राहिली.